पिवळ्या बसची वेळ

दोघं आजही टपालपेटीपाशी उभी होती.

हातातला ओला कप तसाच धरून लिनेटने खिडकीतून पाहिलं. तिची आठ वर्षांची हेस्टर आणि सहाचा टोबी, टोप्या कानांवर ओढलेल्या. रस्त्यापलीकडे शेजारच्या शेतांवरची मुलं शाळेच्या बसची वाट बघत होती, आणि ही दोघं कुंपणाच्या झाडीआडून त्यांच्याकडे टक लावून होती. हात हलवणं नाही, हाक मारणं नाही. पिवळी बस आली, मुलांना घेऊन टेकडीआड गेली, तेव्हा कुठे ही दोघं घराकडे वळली.

"सप्टेंबरपासून चाललंय हे," मागून आर्व्हिला म्हणाली. लिनेटची सासू अंगणापलीकडच्या छोट्या घरात राही आणि सकाळची कॉफी इथेच पीत असे. "भुकेलं पोर मिठाईच्या काचेला नाक लावतं ना, तशी बघतात. तुला दिसत नाही, का बघायचं नाही?"

"बघू देत हो, आई."

"माझी पाचही त्याच बसने गेली. एकालाही काही झालं नाही."

"तुमचा डेल तर म्हणतो, त्याला रोज बसमध्ये मळमळायचं."

"ते गणितामुळे," आर्व्हिला म्हणाली आणि कपात आणखी कॉफी ओतून घेतली.

लिनेट हसली खरी, पण बोलणं कुठेतरी रुतून बसलं.

तेव्हा विस्कॉन्सिनच्या त्या भागात मुलांना घरी शिकवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. गावात त्यांच्याकडे जरा वळूनच बघत. लिनेटची शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरायची. पाव कापता कापता अपूर्णांक व्हायचे. गाय व्यायला लागली की पुस्तकं मिटून सगळे गोठ्यात. शरद ऋतूत निसर्गाचा अभ्यास असे. मुलांनी एखादा प्राणी निवडायचा, त्याला त्रास न देता बघत राहायचं आणि नोव्हेंबरच्या मेळाव्यात घरी शिकवणाऱ्या सगळ्या कुटुंबांसमोर सांगायचं. तोवर कुणालाही पत्ता लागू द्यायचा नाही. दुपारी दोघांचे बूट ओढ्याकाठच्या चिखलाने माखून यायचे, त्यावरून यंदा ओढ्यावर बांध घालणारा बीव्हर असणार, असं लिनेटने मनाशी धरलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना टोबीने बटाटा काट्याने फिरवत विचारलं, "आई, ती मुलं शाळेत गेली की दार आतून लावतात का?"

"कशाला लावतील? का रे?"

"आणि मधेच भूक लागली तर?"

टेबलाखाली हेस्टरचा पाय हलला. टोबीने बटाटा तोंडात कोंबला.

"हेस्टर," लिनेटने आवाज होता होईल तो साधा ठेवला, "रोज बस बघायला जाता ना तुम्ही?"

"हो."

"आवडतं?"

"खूप." हेस्टरचे कान लाल झाले. "पण आत्ता काही विचारू नकोस ना, आई."

लिनेटने टोबीच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

दुसऱ्या दिवशी धारा काढताना ती डेलजवळ येऊन उभी राहिली. "मुलांना शाळेत जायचंय."

"तसं म्हणाली ती?"

"मला वाईट वाटेल म्हणून म्हणत नाहीत. मन मारून उभी असतात रे रोज. आपण त्यांना घरी ठेवलंय ते त्यांच्यासाठी, की माझ्यासाठी?"

डेलने गाईच्या पाठीवर हात ठेवला. "सरळ विचार की त्यांना."

"माझ्या तोंडाकडे बघून नाहीच म्हणतील. हेस्टर तर नक्कीच."

"मग घरात तू दिवसभर काय करशील?"

तिने रिकामी बादली उचलली आणि बाहेर पडली.

त्याच आठवड्यात ती एकटीच गाडी घेऊन गेली आणि दोघांची नावं शाळेत घालून आली. मुख्याध्यापिका गोड बोलणारी होती. येत्या सोमवारी पाठवा, म्हणाली. परतताना लिनेटने दुकानातून दोन दप्तरं घेतली, एक निळं, एक तांबडं, आणि गाडीच्या मागच्या कप्प्यात घोंगडीखाली दडवली. शुक्रवारी मेळावा झाला की वाटेत मुलांना सांगायचं, असं तिने ठरवलं. हसून सांगायचं, एवढं फक्त जमायला हवं होतं.

मेळावा चर्चच्या तळघरात होता. एका मुलाने घुबड शिकार कशी करतं ते करून दाखवलं, दुसऱ्याने कासवाची चाल. आर्व्हिला पहिल्या रांगेत विणकाम घेऊन बसली होती. मग हेस्टर आणि टोबी पुढे आले. लिनेटने मांडीवरचे हात घट्ट धरले. तिच्या टेबलावरचा हा शेवटचा धडा होता.

"आमचा प्राणी कळपाने राहतो," हेस्टरने सुरुवात केली. "सकाळी ठरलेल्या जागी जमतो. मोठे पुढे, लहान मागे. थंडी असली की एकमेकांना चिकटतात, ऊन पडलं की ढकलाढकली करतात."

"रानबदकं," कुणीतरी म्हणालं.

"नाही. एक छोटं पिल्लू सोमवारी रडतं. तेव्हा एक मोठी मादी त्याला आपल्या खाण्यातलं देते. तिला कुणी सांगत नाही."

"मग हरणं असतील," आर्व्हिला सुया थांबवून म्हणाली.

"हरणं नाहीत गं, आजी," टोबीला आता धीर धरवेना. "शाळेतली मुलं."

तळघरात हशा उसळला. हेस्टर मात्र हसली नाही. हशा ओसरेपर्यंत ती थांबली, आणि मग लिनेटने शिकवलं होतं तसं, जे समजलं नाही तेही तिने सगळ्यांना नीट सांगितलं.

"एवढं बघूनही एक गोष्ट आम्हांला कळलेली नाही. आईला सोडून ती दिवसभर राहतात कशी?"