समोर माणूस असलेली परीक्षा

दाढ काढायला जाणारा माणूस टाय बांधत नाही. ओयदिनच्या वडिलांनी बांधला होता. अंगात लग्नकार्यातला कोट, डोक्यावर नवी टोपी. दाढ काढायची म्हणून ताश्कंदला जाऊन ते परत आले आणि दाढेनं हैराण झालेल्या या गृहस्थांनी आल्या आल्या खडीसाखर कडाकडा फोडत चहा घेतला.

तेव्हापासून घरात दोन संशय सुखानं नांदत होते. आईचा संशय जुना, परंपरागत: ताश्कंदमध्ये दुसरी कोणीतरी आहे. ओयदिनचा जरा शिकलेला: ताश्कंदमध्ये स्थळ आहे.

ओयदिनला बुडापेस्टला शिकायला जायचं होतं. तिथल्या विद्यापीठाला इंग्रजी येत असल्याचा पुरावा हवा होता. आयल्ट्स चालणार होती, टोफेलही चालणार होती. पण घराची ऐपत दोन्हींपैकी एकीचीच फी भरण्याची होती, आणि यंदा हुकलं तर त्यांच्या मर्गिलान गावातल्या सोयरिकी जुळवणाऱ्या बायका तिला वर्षभर मोकळी राहू देणार नव्हत्या. मागच्याच आठवड्यात दोघी येऊन गेल्या. अंगण कोण झाडतं याची त्यांनी बारकाईनं चौकशी केली. वडिलांनी त्यांना स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. ओयदिननं तेही लक्षात ठेवलं.

अख्खं मर्गिलान आयल्ट्स देतं. ओयदिनची तयारीही तिचीच. त्यात बोलण्याची परीक्षा समोर बसलेला माणूस घेतो. टोफेलमध्ये मशीनसमोर बोलायचं. गावातल्या अर्ध्या पोरांची आयल्ट्सची तयारी करून घेणारे इंग्रजीचे मास्तर एर्गश-दोम्ला, म्हणजे ओयदिनचे वडीलच. पण ताश्कंदहून आल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता: "तू टोफेल दे."

"पण का, ओता?"

"मशीन बरं असतं."

बापानं कारण सांगितलं नाही की मुलगी ते शोधून काढते, आणि शोधलेलं कारण खऱ्यापेक्षा नेहमी वाईटच निघतं. ओयदिनला ते सापडलं. जिची तयारी नाही ती परीक्षा द्यायला लावायची, नापास करायचं आणि अंगण झाडायला कोणाच्या तरी घरी पाठवून द्यायचं.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी ती फोन घेऊन द्राक्षाच्या मांडवाखाली वडिलांसमोर येऊन बसली.

"मी आयल्ट्सच भरतेय."

"नको, पोरी."

"मग कोणाच्या घरी पाठवताय ते तरी सांगा! टाय बांधून मुलगाच बघायला गेला होतात ना ताश्कंदला?"

आईनं हातातली किटली खाली ठेवली. "मुलगा? म्हणजे मुलगाच होता?" तिचा चेहरा असा उजळला की ओयदिनला तिचाही राग आला.

दोम्लांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"परीक्षा द्यायला गेलो होतो. आयल्ट्सची."

"तुम्ही?"

"तुला सोडण्याआधी पाणी किती कढत आहे ते हात घालून बघावं म्हटलं. पोळलो."

"तुम्हाला काय अवघड होतं त्यात?"

"वाचणं, लिहिणं, ऐकणं, सगळं झकास. मग आत बोलावलं. समोर एक इंग्रज पोरगा. जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण इंग्रज असा समोर पहिल्यांदाच बसलेला. तो म्हणाला, तुमच्या गावाबद्दल सांगा. आता एवढ्या लांबून आपल्या मुलखात आलेला माणूस! त्याची विचारपूस न करता आपलंच तुणतुणं कसं वाजवायचं? म्हटलं, तुम्ही बरे आहात ना? वडील ठीक? मुलंबाळं, कामधंदा, घरी सगळं शांत?"

"ओता! तिथं फक्त उत्तरं द्यायची असतात!"

"मलाच शिकवतेस? वर्गात ओरडून ओरडून सांगतो मी ते. पण तिथं जीभ माझं ऐकेना. बरं, तोही हसून मान हलवत होता. आई बऱ्या आहेत ना म्हणून विचारलं, तेव्हा मात्र खाली बघायला लागला. म्हणाला, आपण तुमच्याबद्दल बोलू या."

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय, समजलो मी. घरात काही बिनसल्याशिवाय माणूस आईचा विषय टाळत नाही. त्याची आई तिकडे अंथरुणावर आणि मी इकडे मर्गिलानच्या रेशमाचं कौतुक सांगू? हात वर केले आणि तिच्यासाठी दुवा मागितली. चांगली लांब, इंग्रजीत. तोंडावरून हात फिरवून डोळे उघडले, तर वेळ संपलेली."

"अरे देवा! आणि निकाल?" ओयदिननं विचारलं.

"शाळेत कोणाला कळता कामा नये." दोम्लांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "तुला इंग्रजी मी शिकवलं, पोरी. बाकीचं वळणही माझंच. म्हणून म्हणतो, मशीन बरं. त्याला आई नसते."

स्थळ नव्हतं. डाव नव्हता. ओयदिनला जरा लाज वाटली आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. पण ती आजकालची मुलगी होती. विचारलं तेवढंच सांगून गप्प बसणं तिला बापाइतकं जड जाणार नव्हतं. तिनं बोट आयल्ट्सवर नेलं. आता फक्त दाबायचं बाकी होतं.

"पण ओता," बोट तसंच अधांतरी धरून तिनं विचारलं, "त्याच्या आईला झालंय तरी काय?"

दोम्ला नुसते तिच्याकडे बघत राहिले.

ओयदिननं बोट सरकवलं आणि टोफेल दाबली.