काश्मीर का कॅनडा

अंथुर्ण्याच्या सावळारामतात्यांना मरायच्या आधी एकदा काश्मीरचा बर्फ बघायचा होता. पण दर वर्षी कुशाबाई आडव्या यायच्या. "आधी पोराकडं कॅनडाला जाऊ. बर्फ काय, तितं बी असतोय की!" आणि दर वर्षी पोरगा, यशराज, फोनवर सांगायचा, "पुढच्या वर्षी या."

तात्या गेले. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं, भावकी ताटकळली. कुणी म्हणालं, ऊस येळेवर तोडू. कुणी म्हणालं, गाय विकणार न्हाय. कावळा ढिम्म.

शेवटी पुतण्यानं मोबाईल पिंडासमोर धरला. व्हिडिओ कॉलवर यशराजनं सगळ्यांदेखत शब्द दिला, "तात्या, आईला मी कायमची इकडं घेऊन येतो."

कावळ्यानं तोंड फिरवलं.

मग कुशाबाईंनी हात जोडले. "चुकलं माझं. न्हाय जात मी पोराकडं. तुमचं काश्मीर बघून येते."

कावळा झेपावला आणि घास घेऊन गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.



मोबाईलमधून यशराज घाईघाईनं म्हणाला, "आई, तात्यांना शब्द दिलायस. आता इकडं यायचं नावसुद्धा काढायचं नाही."