अंगठ्याच्या बाजूने

वॉर्डातल्या सिस्टर पन्नाशीत ज्युजुत्सू ही जपानी झटापटीची कला शिकायला जाऊ लागल्या, तेव्हा नवरा म्हणाला, "आता हाडं मोडून घे म्हणजे झालं!" त्या हसल्या, पण एकही क्लास बुडवला नाही.

एका दुपारी त्यांनी भेटीची वेळ संपल्याचं सांगितलं, तेव्हा पेशंटच्या धिप्पाड मुलाने चिडून त्यांचं मनगट आवळलं. पकड अंगठ्यापाशी ढिली असते. सिस्टरांनी तिथूनच हात सोडवला, त्याचाच हात पिळला आणि तो गडी गुडघ्यावर आला.

"आता नीट बोलायचं का?"

"हो, हो," तो कळवळत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला.

"सिस्टर, काल चुकलंच माझं," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही हे जिथे शिकलात, त्या क्लासला हिला घालायचंय."