उपस्थित: अकरा

विधेयक समितीकडे आलं की जाणकारांच्या साक्षी होतात. मी समितीची लघुलेखिका. बोललेलं सगळं उतरवून घेते, टाइप करते आणि प्रत ज्याच्या त्याच्याकडे दुरुस्तीला पाठवते. लोक आपली वाक्यं सुधारतात, बाकी कशाला हात लावत नाहीत.

या वेळी प्राध्यापकांनी एकच दुरुस्ती केली. ‘उपस्थित: अकरा’ खोडून ‘बारा’. म्हटलं, वय झालंय.

मग डॉक्टरीणबाईंची प्रत आली. बारा. वकिलांचीही बारा. तिघांच्या साक्षी तर वेगवेगळ्या दिवशी झाल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. वकिलांना फोन लावला. “साहेब, मोजून अकराच माणसं होती हो!”

“आणि तुमच्या मागे उभे होते ते? वाकून तुमच्या वहीत बघत होते की.”

माझी खुर्ची भिंतीला टेकलेली असते.

आजच्या बैठकीला मी ती आणखी मागे रेटली, जोर लावून. नव्या साक्षीदार बाई आल्या, अध्यक्षांना नमस्कार करून बसल्या. मग माझ्याकडे बघून कळवळून म्हणाल्या, “अहो, खुर्ची जरा पुढे घ्या ना. त्यांना श्वास घेता येत नाहीये.”