पाय भिंतीला

हाफ मॅरेथॉन पळून आल्यापासून माझा उजवा गुडघा रुसून बसला होता. फिजिओने पळायला सक्त मनाई केली आणि रोज दुपारी पाय भिंतीला टेकवून पडायला सांगितलं. मलम चोळलेल्या तळव्यांचे ठसे भिंतीवर उमटले.

"परवाच रंग दिलाय गं. ही भिंत आहे की रस्ता?" सासूबाई म्हणाल्या.

"दोनच तर ठसे आहेत, आई."

"दोन? नीट बघ."

ठसे वर चढत गेले होते. माझेच, आत वळलेल्या करंगळीचे. माझा पाय पोचणारच नाही इतक्या उंचीवर.

सासूबाईंनी ते घासून पुसले. दुसऱ्या दुपारी ठसे छतावर होते. मला भीती वाटायला हवी होती. पण पंख्याखाली डोळा लागला, की पायांखालून रस्ता सरकू लागायचा आणि गुडघा मुळीच दुखायचा नाही. जाग यायची तेव्हा धाप लागलेली असायची.

आज ठसे समोरच्या भिंतीवरून खाली उतरलेत, फरशी ओलांडून पलंगाकडे वळलेत. डावं पाऊल माझ्या उशीच्या कडेला उमटलंय, अजून ओलं आहे.

"हलू नकोस," दारातून सासूबाई हळूच म्हणतात.

उजवं अजून पडायचंय.