निरुपयोगी फेरी

धक्क्यावरचं फाटक तिसऱ्यांदा उघडलं नाही, तेव्हा मालिनी पागधरे वैतागली. मघाशी बसनेही तिला असंच चढू दिलं नव्हतं.

"अहो, पलीकडच्या इस्पितळात माझी बहीण आहे," ती फेरीबोटीच्या सारंगाला म्हणाली.

त्याने फाटकाजवळच्या यंत्राच्या पडद्यावर पाहिलं. "ताई, ज्या प्रवासाचा उपयोग नाही, तो यंत्रणा नाकारते. तुम्ही पोचाल तोवर..." तो थांबला.

"तोवर ती गेलेली असेल, असंच ना? मग तिला शेवटची अंघोळ कोण घालणार? तुमची यंत्रणा?"

सारंगाने फाटकाची वायर उपटली आणि तिला हात देऊन बोटीत घेतलं.

मालिनी पोचली तेव्हा बहीण गेली होती, पण तिचा तळहात अजून कोमट होता. मालिनीने तो गार होईपर्यंत धरून ठेवला.