पाठीला माती

घोटीच्या खुर्शीदाबी तरुणपणी तिकीट लावून भरणाऱ्या कुस्त्यांच्या दंगलीत पुरुषांशी कुस्त्या खेळायच्या. कुस्तीच्या धंद्याच्या इतिहासावर माहितीपट काढणाऱ्या शेखरने दोन दिवस त्यांना कॅमेऱ्यापुढे बोलतं केलं होतं. नाशिकला पहिला शो लागला, तेव्हा त्यांच्यासोबत नात आलिमाही आली, आजीला पडद्यावर दाखवायला कॉलेजातल्या मैत्रिणींना घेऊन.

पडद्यावर दंगली भरवणारे ठेकेदार आले, वस्ताद आले. पिंपळगावचे खंडेराव पैलवान म्हणाले, "माझ्या पाठीला कधी माती लागली नाही." त्यांना खुर्शीदाबींनी भर दंगलीत चीत केलं होतं. त्या स्वतः मात्र शेवटपर्यंत पडद्यावर आल्याच नाहीत.

शो संपल्यावर त्यांनी शेखरला बाजूला गाठलं. तो खाली बघत म्हणाला, "मावशी, तुम्ही असाल तर खंडेराव बोलायला तयार नव्हते. त्यांच्याशिवाय फिल्म कशी होणार?"

दाराशी आलिमा एकटीच उभी होती. मैत्रिणी निघून गेल्या होत्या.

"नानी, तू खरंच खेळायचीस ना?"



"नाय गं," खुर्शीदाबी म्हणाल्या. "लहानपणी तू जेवायची नाहीस, म्हणून तसल्या गोष्टी सांगायची मी."